अकरा सेकंदांची आरोळी

देर्लिस ओवेलार पंखे दुरुस्त करायचा. असुन्सिओनच्या मोठ्या बाजारात, मटणवाल्यांची ओळ संपते तिथे त्याचा गाळा. छताला, भिंतीला, जमिनीवर पंखेच पंखे, कुणाची पाती काढलेली, कुणाचं पोट उघडलेलं. डिसेंबर ते मार्च, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, त्याला मान वर करायला फुरसत नसे. हाताला यश होतं, पण एक हट्ट होता. नदीपलीकडून, ब्राझिलहून आणलेला पंखा कुणी पुढ्यात ठेवला की तो नुसती मोटरवरची पट्टी वाचायचा आणि परत सरकवायचा.

"ही तिकडची मोटर, बाई. तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकाव्यांची, आपली पन्नासाची. इथं ही रेंगाळत फिरणार, तापणार आणि एक दिवस धूर काढणार. मी हात लावत नाही."

"अहो, पण फिरतोय तर!"

"फिरतो. पण जसा फिरायला हवा तसा नाही."

शनिवारी दुपारी एकनंतर बाजार आवरायला लागला की गाळ्याचं शटर अर्धं खाली यायचं आणि आत तीन-चार काळे शर्ट जमायचे. पन्नाशी ओलांडलेली माणसं, पोटं सुटलेली, एके काळी पाठीवर रुळणारे केस आता कानामागेच उरलेले. बर्फाच्या पाण्यातलं तेरेरे, म्हणजे कडसर पाल्याचं पेय, एकाच नळीने सगळ्यांत फिरायचं, आणि वाद सुरू व्हायचा. वाद नेहमीचाच. 'पिहारे' या बँडचा खरा गायक कोण? पहिला, ब्लास ओवेलार, की त्याच्यानंतर आलेला ओसमार कान्येते?

पिहारे म्हणजे रात्र. शहराबाहेर हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. पण जुन्या हुकूमशहाच्या अखेरच्या वर्षांत पोलीस रस्त्यात धरून पोरांचे केस कापायचे, तेव्हा ज्यांनी केस वाढवले, त्यांच्या लेखी हेवी मेटल म्हणजे पिहारेच. आणि ब्लास हा देर्लिसचा धाकटा भाऊ. म्हणजे वाद घालणाऱ्यांत एक जण घरचाच होता, आणि हे सगळ्यांना माहीत असूनही कुणी हात राखून बोलत नसे.

शेजारचा खाटीक निमिओ ओसमारच्या बाजूचा. सुरी पुसत तो म्हणायचा, "गाणारा तो, जो वीस वर्षं उभा राहून गातो. एकदा ओरडून गेला त्याचं काय घेऊन बसलास, कापे, दोस्ता, कोंबडाही ओरडतो."

"कोंबडा अकरा सेकंद ओरडतो का रे?" देर्लिस म्हणायचा. "लाव घड्याळ. 'मातीखाली' गाण्यातली ती आरोळी. अकरा सेकंद, तीही त्या उंचीवर. तुझ्या ओसमारने कधी आठ ओलांडली?"

"आरोळी म्हणजे गाणं नव्हे."

"मग काय, तुझं मटण?"

शाळेत कारकुनी करणारा एल्वियो या दोघांच्या मध्ये बसायचा. त्याला दोघंही गायक नको असत. "मला बाबा पोटातून गुरगुरणारा गायक लागतो. शब्द कळले नाहीत तरी चालतील."

"तुला गायक नाही, डुक्कर लागतं," निमिओ म्हणायचा. "ये उद्या, किलोवर देतो."

सगळे हसायचे. एल्वियो मात्र हसता हसता एक वाक्य हटकून बोलायचा. "आवडीला पुरावा लागत नसतो, डॉन देर्लिस. मला आवडतं, संपलं."

"मला लागतो," देर्लिस म्हणायचा. "माझ्याकडे आहे."

पुरावा म्हणजे एक कॅसेट. तिची गोष्ट अशी.

ब्लास तीन फेब्रुवारीचा, संत ब्लासच्या सणाचा. त्या दिवशी फादर दोन मेणबत्त्यांची फुली करून प्रत्येकाच्या गळ्याला लावतात, कारण हा संत गळ्याचा राखणदार. आई, एउसेबिया, बाळंतपणातून उठल्यावर तान्ह्याला घेऊन देवळात गेली आणि म्हणाली, याचा गळा तुझ्या ओटीत. पुढे तो गळा काय काय ओरडणार आहे हे तिला कुठं ठाऊक! पण तिने त्याला कधी अडवलं नाही. मागच्या पडवीत ड्रम वाजत असताना ती स्वयंपाकघरात बसून जपमाळ ओढायची, आणि मध्ये आवाज थांबला की हाक मारून सगळ्यांना सोपा, म्हणजे मक्याचा चीज घातलेला पाव, खायला बोलवायची.

एकोणनव्वदच्या हिवाळ्यात देर्लिस एकवीस वर्षांचा होता, विजेच्या दुकानात शिकाऊ. दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने पुलापलीकडून, ब्राझिलहून, मोठ्या चकत्यांचं टेप-मशीन आणलेलं. देर्लिसने हातापाया पडून ते एका रविवारसाठी मागून आणलं. विजेचा दाब जुळवायला ट्रान्सफॉर्मर लावला, दिवा पेटला, चकत्या फिरल्या, आणि पिहारेची चार गाणी पडवीत रेकॉर्ड झाली. संध्याकाळी त्याच मशीनवर ऐकली तेव्हा ठीकच वाटली. देर्लिसने मशीनच्या इवल्याशा स्पीकरला नावं ठेवली. सोमवारी मशीन परत गेलं.

तीन महिन्यांनी, काकुपेच्या मातेच्या यात्रेहून येताना, ट्रकने ब्लासच्या मोटरसायकलला फरफटत नेलं. एकोणीस वर्षांचा पोर.

नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्यावर देर्लिस ती चकती घेऊन एका ओळखीच्या माणसाकडे रेडिओ केंद्रात गेला. त्याने ती केंद्राच्या मशीनवर चढवली आणि कॅसेट भरायला घेतली. देर्लिस बाहेरच्या बाकावर बसला होता. दाराआडून गिटार धावत आली, एवढी वेगात की त्याला वाटलं दुसराच कुठला तरी बँड लागलाय. मग ती आरोळी. आभाळ फाडून वर गेलेली, बारीक, धारदार, आणि खाली यायचं नावच नाही. देर्लिस उठून दाराला टेकून उभा राहिला. माझा भाऊ असा गात होता, आणि मला घरात राहून कळलं नाही, एवढंच त्याच्या मनात आलं.

त्या एका कॅसेटच्या शंभर झाल्या, शंभराच्या किती झाल्या देव जाणे. शहरभरची पोरं मनगटावरच्या घड्याळात बघून अकरा मोजायची.

पिहारेचा गिटारवाला रोलांदो पुढच्या वर्षी जवळच्या लुके गावाहून ओसमारला घेऊन आला. ओसमारचा आवाज रुंद, भरदार. पण लोकांना तो नको होता. 'मातीखाली' सुरू झालं की खालून बोटं वर व्हायची, "एक! दोन! तीन!" आणि ओसमार मानेच्या शिरा टराटर ताणून त्या उंचीला हात लावायला बघायचा. सातावर, फार तर आठावर त्याचा दम तुटायचा. मग हशा, शिट्ट्या. सगळ्यांत पुढे, पहिल्या ओळीत, घड्याळ उंच धरून देर्लिस उभा असायचा. वर्षानुवर्षं. देव त्याला क्षमा करो, त्या वेळी त्याला ते पुण्यकर्म वाटायचं.

आई मात्र ती कॅसेट ऐकत नसे. पहिल्यांदा लावली तेव्हा ती चिपाच्या पावांचं पीठ मळत होती. पिठाने भरलेल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. आरोळी संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "हा माझा ब्लास नाही."

"आई, ब्लासच आहे. मी स्वतः भरलाय."

"नाही रे. हा कुणी दुसरा."

देर्लिसला वाटलं, हे देवळाचं बोलणं. स्वर्गात गेलेल्या मुलाच्या तोंडी असली किंकाळी तिला सोसत नाही. तो तोडून बोलला, "तुला मेलेला मुलगाही पुतळ्यासारखा पाहिजे. हात जोडलेला आणि तोंड मिटलेला." ती पीठ मळायला निघून गेली. त्यानंतर त्या घरात ब्लासच्या आवाजाविषयी कुणी शब्द काढला नाही.

दोन वर्षांपूर्वी, उपवासकाळात, आई गेली. शेवटच्या आठवड्यात तिला पुष्कळ गोष्टी आठवेनाशा झाल्या होत्या. एका सकाळी ती त्याला म्हणाली, "देर्लिस, ब्लासचा आवाज कसा होता रे? मला ऐकूच येईना झालाय." त्याने फोनवर ते गाणं लावून तिच्या कानाशी धरलं. तिने थोडा वेळ ऐकलं, मग तोंड भिंतीकडे वळवलं. त्याला वाईट वाटलं, रागही आला. मरतानासुद्धा ही हट्ट सोडत नाही!

तिचं कपाट आवरताना खालच्या कप्प्यात, इस्त्री केलेल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवलेली ती मूळ चकती सापडली.

यंदा शहरातल्या एका लहानशा कंपनीने पिहारेची ती चार गाणी रेकॉर्डवर काढायचं ठरवलं. देर्लिसच्या आनंदाला पारावार राहिला नाही. चकती छातीशी धरून तो साहोनिया वस्तीतल्या लुर्देसकडे गेला. लुर्देस आरुआ म्हणजे तिशीच्या आतली बाई, जुन्या टेपांची खरखर काढून त्या स्वच्छ करायचं काम करते. चार दिवसांनी तिने त्याला बोलावलं.

"डॉन देर्लिस, हे कुठं रेकॉर्ड केलंत? ब्राझिलमध्ये?"

"काहीतरीच! आमच्या पडवीत."

"मग हे ऐका." तिने गाण्यांच्या मधली जागा मोठी करून लावली. एक मंद गुणगुण ऐकू आली. "ही विजेची गुणगुण. घरातली वीज प्रत्येक टेपमागे अशी गुणगुणते. आपल्याकडे तिचे हेलकावे सेकंदाला पन्नास. हिच्यात साठ भरतात. इथल्या पडवीत साठ कुठून आले?"

देर्लिस खुर्चीत होता तसाच राहिला. तिने उत्तर सांगायच्या आधीच त्याला ते सापडलं होतं. साठाचं मशीन पन्नासाच्या विजेवर रेंगाळतं. रेंगाळत्या चकतीवर भरलेलं गाणं रेडिओच्या नीट चालणाऱ्या मशीनवर चढवलं की पळत सुटतं, आणि पळणारा आवाज वर चढतो. चौतीस वर्षं तो हेच बायाबापड्यांना समजावून पंखे परत पाठवत होता.

"मशीन तिकडचं होतं," तो म्हणाला. आपला आवाज त्याला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "मी दाब जुळवला होता. तेवढंच येत होतं मला तेव्हा."

लुर्देस बिचारी भली. ती म्हणाली, "मी वेग जागेवर आणलाय. ऐकायचंय?"

त्याने मान डोलावली.

गिटार चालू लागली, धावली नाही. आणि ब्लास गायला. किंचित जाड, थोडा नाकातला, शब्दाच्या शेवटी घोगरणारा, एकोणीस वर्षांच्या पोराचा आवाज. 'दादा, माझे बूट कुणी घातले?' असं पडवीतून विचारणारा. आंघोळ करताना रेडिओवरच्या पोल्का चुकीच्या शब्दांनी म्हणणारा. चौतीस वर्षं देर्लिसने हा आवाज ऐकला नव्हता, आणि ऐकला नाही हेही त्याला कळलं नव्हतं. आरोळी आली. ती आभाळात गेली नाही, छपराच्या उंचीवर राहिली. शेवटाला थरथरली. अशी आरोळी शहरातली दहा पोरं मारतील.

"पण दम बघा," लुर्देस हळूच म्हणाली. "अकरा नाही, तेरा सेकंद धरलीय त्यांनी."

देर्लिसला ते ऐकूच आलं नाही. आवाज ओळखीचा होता, आणि त्याला तो आवडला नाही. भावाचा खरा आवाज कानावर पडत होता आणि कान म्हणत होते, हे मंद आहे, हे जड आहे, वर जा ना. मग एकदम त्याच्या डोळ्यांपुढे भिंतीकडे तोंड केलेली म्हातारी आली. तिने मुलाचा आवाज मागितला होता. एवढंच मागितलं होतं. आणि त्याने तिच्या कानाशी मशीन धरलं होतं.

"बंद करा," तो म्हणाला. "कृपा करून बंद करा."

ब्वेनोस आयरेसला असलेल्या रोलांदोला त्याने फोन लावला. सगळं ऐकून रोलांदो म्हणाला, "म्हणजे मी तेव्हाही एवढाच जलद वाजवत होतो तर. मला वाटायचं, कॅसेटमधले ते हात माझेच, पण ब्लास गेल्यावर मंदावले. त्या कॅसेटच्या मागे धावून धावून दमलो, म्हणून गिटार विकली रे मी."

कंपनीच्या माणसाला विचारलं तर तो हसून म्हणाला, "डॉन देर्लिस, लोकांना माहीत आहे ती कॅसेट हवीय. पण भाऊ तुमचा. तुम्ही म्हणाल तसं छापू. सोमवारी सही द्या."

रविवारची मिस्सा झाल्यावर देर्लिस बस धरून लुकेला गेला. ओसमारचं टायरचं दुकान घराच्या पुढच्याच अंगणात होतं. ओसमार टायर पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. देर्लिसला पाहून त्याने स्टूल पुढे केलं, बोलला नाही. त्याच्या गळ्याची दोनदा शस्त्रक्रिया झाली होती. बोलायचंच झालं तर नुसती फुंकर यायची, जवळ वाकून ऐकावी लागणारी.

देर्लिसने सगळं सांगितलं. मशीन, पन्नास, साठ, सगळं. शेवटी म्हणाला, "ओसमार, ती उंची ब्लासची नव्हतीच. कुणाचीच नव्हती. माणसाच्या गळ्याची नव्हती ती. आणि मी घड्याळ घेऊन तुझ्यासमोर उभा राहायचो."

ओसमारचे खांदे हलायला लागले. देर्लिसला वाटलं रडतोय. पण तो हसत होता, बिनआवाजाचा.

"आठ," तो फुंकरला. "एकदा साडेआठ झाले होते. विल्या हायेसच्या मैदानात. तू मोजले नाहीस."

"मोजले होते. सांगितले नाहीत."

ओसमारची बायको तेरेरे ठेवून गेली. दोघांनी आळीपाळीने नळी ओढली.

"मी खरं छापायला सांगतो," देर्लिस म्हणाला. "जागेवर आणलेलं. सगळ्या जगाला कळू दे. तुझ्यावरचा डाग तरी जाईल."

ओसमारने टायर खाली ठेवला. ओले हात पँटला पुसले आणि देर्लिसच्या कानाशी आला. "नको."

"का?"

"आज लोक म्हणतात, ओसमार ब्लासला हरला. त्यात लाज नाही. ब्लास ब्लास होता." तो दम घ्यायला थांबला. "उद्या म्हणतील, हा बिघडलेल्या मशीनशी झुंजला आणि गळा घालवून बसला. मला कुणापुढे तरी हरू दे, देर्लिस. माणसापुढे."

"पण आई... ब्लास..."

"ते दोघं गेले. मी आहे अजून." आणि त्याने पुन्हा टायर पाण्यात घातला.

परतीच्या बसमध्ये देर्लिसने आईची जपमाळ खिशातून काढली, पण एकही मणी पुढे सरकला नाही. कुणासाठी प्रार्थना करायची तेच ठरेना. खरं छापलं तर आईचं बोलणं खरं ठरत होतं, ब्लास घरी येत होता. तसंच ठेवलं तर आपण ज्याला चिरडलं, त्याच्या हातात निदान हार तरी राहत होती. सोमवारी त्याने सही केली. कागदावर लिहिलं होतं: मूळ कॅसेटप्रमाणे, कोणताही बदल न करता.

लुर्देसने जागेवर आणलेलं गाणं त्याच्या फोनमध्ये घालून दिलं. त्याने ते महिनाभर रोज ऐकलं. हट्टाने, औषध घ्यावं तसं. वाटायचं, आज ना उद्या कान वळेल, हा आवाज आपला वाटेल. फोन बंद केला आणि ब्लासला मनात आठवून बघितलं की तीच बारीक, धारदार आरोळी यायची. खरा आवाज फोनबाहेर दोन मिनिटंही तग धरत नव्हता. पुढे पुढे त्याने ऐकणं सोडलं.

रेकॉर्ड निघाली त्या शनिवारी निमिओ शटरखालून वाकून आत आला. काखेत रेकॉर्डचा काळा पुठ्ठा होता, अंगावर धुतलेला शर्ट. एल्वियो आधीच बसला होता.

"ऐकलं रे," निमिओ म्हणाला. "काल मुलीच्या घरी चांगल्या स्पीकरवर ऐकलं, पहिल्यांदा नीट. तीस वर्षं उगाच तोंड वाजवत होतो मी. ओसमार याच्या पासंगालाही पुरणार नाही. जिंकलास, कापे. मानलं तुला."

"अरे, खाटकाने हार मानली!" एल्वियो टाळ्या पिटत ओरडला. "तारीख लिहून ठेवा, डॉन देर्लिस!"

निमिओने तेरेरे भरलं आणि पहिला घोट आपण न घेता देर्लिससमोर धरला. "बोल की. एवढी वर्षं ऐकायचं होतं ना तुला हे? खरा गायक कोण?"

देर्लिसच्या मांडीवर एक उघडा पंखा होता. त्याने पेचकस बाजूला ठेवला, नळी तोंडाला लावली, पाणी संपेपर्यंत ओढली आणि पेला परत दिला.

"ब्लास," तो म्हणाला.

"अरे, मग जरा हास तरी!" निमिओ म्हणाला.

देर्लिसने प्रयत्न केला.